आत आलेला शेवटचा माणूस

१९७० साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या अ‍ॅस्पेन या डोंगरी गावात एक लेखक शेरीफच्या निवडणुकीला उभा राहिला. शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, पण लोकांनी मतं देऊन निवडलेला. या उमेदवाराने प्रचारासाठी स्वतःचं डोकं तुळतुळीत भादरून घेतलं. का? तर समोरच्या बारीक केस कापलेल्या रिपब्लिकन उमेदवाराला 'माझे लांब केसांचे प्रतिस्पर्धी' म्हणता यावं म्हणून. उमेदवाराचं नाव हंटर एस. थॉम्प्सन. जाहीरनामाही त्याला शोभेल असाच होता. गावातले डांबरी रस्ते उखडून तिथे हिरवळ लावायची, गाड्या गावाबाहेर उभ्या करायच्या, आणि गावाचं नाव बदलून 'फॅट सिटी' ठेवायचं.

हा शेवटचा मुद्दा ऐकायला चेष्टेचा वाटतो, पण मला तोच सगळ्यात गंभीर वाटतो. थॉम्प्सनचं म्हणणं असं, की बिल्डर इथे डोंगर विकत नाहीत, नाव विकतात. 'अ‍ॅस्पेन' म्हटलं की बर्फ, लाकडी घरं, मऊ उजेड डोळ्यांसमोर येतो. 'फॅट सिटी'त बंगला घेतलाय असं कोण कोणाला अभिमानाने सांगेल? नाव बिघडवा, म्हणजे गाव वाचेल.

तो हरला. पण त्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि मी कोलोरॅडोत राहायला आल्यापासून तो माझाही झालाय. एखादी जागा सुंदर आहे म्हणून माणसं तिथे येतात. खूप माणसं आली की ती जागा तशी राहत नाही. मग दार लावून घ्यायचा अधिकार कोणाला? आधी आलेल्याला?

गंमत अशी की थॉम्प्सन स्वतः केंटकीचा. निवडणुकीच्या काही वर्षं आधी तो अ‍ॅस्पेनजवळ येऊन राहिला होता.

मी डोंबिवलीचा. त्यामुळे हा प्रकार मला नवीन नाही. डोंबिवलीला धक्के मारत, 'अरे आत सरका ना, मध्ये जागा आहे' असं ओरडत डब्यात शिरलेला माणूस ठाणं येईपर्यंत दारातल्या गटात सामील झालेला असतो. ठाण्याच्या फलाटावरच्या गर्दीला तोच सांगतो, 'जागा नाही, मागची गाडी पकडा.' तो खोटं बोलत नसतो. जागा खरंच नसते. पण डोंबिवलीलाही ती नव्हतीच.

---

अ‍ॅस्पेनमध्ये आधी कोण आलं ही मोजणी सुरू केली की थांबता येत नाही. यूट लोक या दऱ्यांमध्ये शतकानुशतकं उन्हाळा काढत होते. १८७९ मध्ये चांदी शोधणारे खाणवाले आले आणि त्यांनी वस्तीला नाव दिलं 'यूट सिटी'. म्हणजे ज्यांना हुसकवायचं त्यांचंच नाव पाटीवर. पुढच्या वर्षी ते बदलून अ‍ॅस्पेन झालं, त्या डोंगरांवरच्या झाडांवरून. त्याच्या पुढच्या वर्षी, १८८१ मध्ये, अमेरिकन सैन्याने इथल्या यूट लोकांना यूटाकडे पिटाळलं. आजही कोलोरॅडोतल्या गाड्यांवर हिरव्या डोंगरांचं चित्र आणि 'नेटिव्ह' असे स्टिकर दिसतात. ते लावणारे यूट नसतात, हे सांगायला नको.

मग चांदीची दहा-बारा वर्षं. हजारो माणसं, दोन रेल्वे कंपन्या, ऑपेरा हाउस. आणि १८९३ मध्ये सगळं कोसळलं. का कोसळलं त्यात आपलाही एक धागा आहे. त्या वर्षी जून महिन्यात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. जगातलं चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक असं एका दिवसात कमी झालं. काही दिवसांतच भाव गडगडले आणि कोलोरॅडोतल्या खाणींना कुलपं लागली. उरलीसुरली आशा अमेरिकन सरकारने त्याच वर्षी सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द करून संपवली. जिथे दहा हजारांवर माणसं राहत होती तिथे १९३० च्या जनगणनेत ७०५ उरली.

या काळाला तिथे 'शांत वर्षं' म्हणतात. फोटोंमध्ये ती फार सुंदर दिसतात. रिकामे रस्ते, गवत वाढलेली अंगणं, मागे डोंगर. आज अ‍ॅस्पेनला जाऊन 'पूर्वीचं राहिलं नाही' म्हणणाऱ्याच्या मनात साधारण असंच काही चित्र असतं. पण त्या शांत वर्षांत राहणाऱ्यांना ती शांतता नको होती. त्यांना नोकरी हवी होती, दुकानात गिऱ्हाईक हवं होतं. शांतता ही बाहेरून आलेल्या माणसाला दिसणारी गोष्ट आहे. आत राहणारा तिला मंदी म्हणतो.

१९३९ मध्ये शिकागोच्या एलिझाबेथ पेपकी तिथे स्कीइंगला आल्या आणि गावाच्या प्रेमात पडल्या. त्यांचे पती वॉल्टर पेपकी खोके बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे मालक. युद्ध संपता संपता ते आले आणि त्यांनी घरं-जागा घ्यायला सुरुवात केली. १९४७ च्या जानेवारीत खुर्च्यांची स्की-लिफ्ट थाटात सुरू झाली. ती तेव्हा जगातली सगळ्यात लांब म्हणवली जात होती. १९४९ मध्ये गटेच्या द्विजन्मशताब्दीचा उत्सव भरवला, त्याला थेट अल्बर्ट श्वाइट्झर आले. पुढच्याच वर्षी स्कीइंगची जागतिक स्पर्धा. पेपकींना शरीर, मन आणि बुद्धी तिन्ही रमतील असं गाव उभारायचं होतं. पैसा कमवायचाच होता, पण जरा सुसंस्कृतपणे.

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. पेपकींनी गावकऱ्यांना सांगितलं, तुमची घरं रंगवायला रंग मी फुकट देतो. अट एकच, रंग कोणता ते हर्बर्ट बायर ठरवतील. बायर म्हणजे जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये शिकलेले आणि तिथेच शिकवलेले नामांकित डिझायनर. जगात कोणाला अशी संधी मिळेल! पण बहुतेक गावकऱ्यांनी ती नाकारली. जुनी, पोपडे निघालेली घरं तशीच ठेवली. त्यांना रंग नको होता असं नाही. आपल्या घराचा रंग दुसऱ्याने ठरवलेला नको होता.

या गोष्टीत मला एक फरक सापडतो, आणि पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. बदल नको असणं वेगळं आणि बदलात आपला शब्द नसणं वेगळं. 'गाव बदललं' अशी तक्रार ऐकली की आपण पहिलंच कारण धरतो आणि म्हणतो, म्हातारे लोक, त्यांना बदल सोसवत नाही. बऱ्याचदा कारण दुसरं असतं.

---

थॉम्प्सन हरला तरी त्याचा विचार जिंकला. १९७२ मध्ये वाढीला लगाम घालू पाहणारी मंडळी काउंटीच्या कारभारात निवडून आली. वर्षाला किती बांधकाम होऊ द्यायचं याचा कोटा त्या दशकात ठरला. जमिनीच्या मोठ्या तुकड्यावर एकच घर, डोंगरउतारावर बांधकाम नाही, असे नियम आले. त्याच १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी अजून एक अजब काम केलं. १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक डेन्व्हरला मिळालेलं होतं. लोकांनी त्यावर सरकारी पैसा खर्च करायला मतपेटीतून नकार दिला आणि ऑलिंपिक इन्सब्रुकला गेलं. मिळालेलं ऑलिंपिक मतदानाने परत केलं गेलं. या मोहिमेच्या पुढे असलेले रिचर्ड लॅम दोन वर्षांनी गव्हर्नर म्हणून निवडून आले. तेही मूळचे विस्कॉन्सिनचे.

हे नियम करणारी माणसं लोभी नव्हती, हे आधी कबूल करू. त्यांनी डोंगर वाचवले. आज अ‍ॅस्पेनमध्ये उभं राहून वर पाहिलं तर उतार मोकळे दिसतात, आणि लोणावळा पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. पण जागा मर्यादित केली आणि हवी असणाऱ्यांची संख्या वाढतच राहिली, तर काय होतं ते कोणीही सांगू शकेल. साताएक हजार वस्तीच्या या गावात स्वतंत्र घराची सरासरी किंमत आता एक कोटी डॉलरच्या पुढे आहे. डॉलर, रुपये नव्हेत. तिथला जुना विनोद असा की अब्जाधीशांनी लक्षाधीशांना गावाबाहेर काढलं. बिल्डरांविरुद्ध लढाई झाली, ती जिंकलीही, आणि जिंकलेलं गाव बिल्डरच्याही कल्पनेबाहेरच्या श्रीमंतांकडे गेलं. त्यातली बरीच घरं वर्षातले बहुतेक दिवस रिकामी असतात.

फ्रेड हर्श नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये वाढीच्या सामाजिक मर्यादांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा साधा आहे. भाकरी मी खाल्ली म्हणून तुमच्या भाकरीची चव बिघडत नाही. पण काही गोष्टी अशा असतात की त्या किती जणांकडे आहेत यावरच त्यांची किंमत ठरते. शांत समुद्रकिनारा, वरच्या मजल्यावरून दिसणारा डोंगर, मोठ्या कॉलेजची पदवी. मिरवणूक बघायला एक जण टाचा उंचावतो तेव्हा त्याला चांगलं दिसतं. सगळ्यांनी टाचा उंचावल्या की कोणालाच जास्त दिसत नाही आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. देश कितीही श्रीमंत झाला तरी अशा गोष्टी सगळ्यांना पुरणार नाहीत.

हर्श पटला की दार लावणाऱ्याचा राग कमी होतो. त्याला माणुसघाणा म्हणून सोडून देता येत नाही. तो एक खरी गोष्ट सांगत असतो. अडचण पुढे आहे. दार कोणाच्या तोंडावर लागतं?

१९९९ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅस्पेनच्या नगर परिषदेने एक ठराव केला. लोकसंख्या आणि पर्यावरण यांचं कारण देऊन देशात येणाऱ्या स्थलांतरितांची संख्या कमी करावी, अशी मागणी त्यात केंद्र सरकारकडे केली होती. हॉटेलांच्या चादरी बदलणारे, भांडी घासणारे, श्रीमंतांच्या दारातला बर्फ उपसणारे लोक तेव्हा बहुतांशी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले होते, आणि खालच्या दरीत पत्र्याच्या ट्रेलर-घरांत राहत होते. त्याच सुमारास याच काउंटीला एक वेगळा नियम करावा लागला. अंगणातला गाडीरस्ता बर्फ साचू नये म्हणून जमिनीखालून तापवायचा असेल, बाहेर गरम पाण्याचा तलाव हवा असेल, तर जास्तीच्या ऊर्जेबद्दल पैसे भरा. म्हणजे मालक घरी नसतानाही रस्ते तापत होते, आणि निसर्गावरचा बोजा म्हणून ठरावात नाव आलं ते चादर बदलणाऱ्याचं. (ऑलिंपिक परत पाठवणारे लॅमही पुढे स्थलांतर रोखण्याचे कट्टर पुरस्कर्ते झाले. एकदा 'पुरे' म्हणायची सवय लागली की ते कुठे म्हणायचं याचं भान सुटत असावं.)

---

गेल्या मार्चमध्ये मी अ‍ॅस्पेनहून संध्याकाळच्या बसने परत निघालो. माझी गाडी साठ-पासष्ट किलोमीटर खाली, ग्लेनवूड स्प्रिंग्जला लावलेली होती, कारण वर पार्किंग परवडत नाही. बस चांगली आहे. अमेरिकेतल्या ग्रामीण भागात अशी सेवा क्वचित दिसते. बसमध्ये स्कीइंगवाले मोजके. बाकी सगळे कामावरून परतणारे, निम्मे झोपलेले. शेजारचे गृहस्थ पन्नाशीचे, एका हॉटेलच्या देखभाल विभागात. कुठे राहता विचारलं तर म्हणाले, रायफलला. म्हणजे ग्लेनवूडला उतरून दुसरी बस. एकूण शंभराहून जास्त किलोमीटर, आणि सकाळी तितकेच. 'सवय होते,' ते म्हणाले.

माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलं. तेही हेच म्हणायचे, याच आवाजात.

मी त्यांना विचारलं, वर घर मिळायचा काही मार्ग नाही का? आहे, म्हणाले, लॉटरी. मला हसू आलं. म्हाडाची लॉटरी मी त्यांना समजावून सांगितली आणि त्यांनी त्यांची मला.

अ‍ॅस्पेनची ही व्यवस्था खरोखर विचार करण्यासारखी आहे. गाव आणि काउंटीने मिळून तीनेक हजार घरं बाजाराबाहेर काढून ठेवलीत. गावात घर विकलं गेलं की किमतीच्या एक टक्का रक्कम कर म्हणून या कामासाठी जाते. म्हणजे अब्जाधीशाने बंगला घेतला की त्यातून प्लंबरच्या घराला पैसा मिळतो. हे घर घ्यायचं तर काउंटीतच काम करावं लागतं, वर्षाला किमान १५०० तास, आणि तिथेच राहावं लागतं. विकताना किंमत किती वाढवता येईल यावर कडक मर्यादा. घर नफ्यासाठी नाही, राहण्यासाठी.

हे ऐकताना मला आपल्याकडची 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आठवली. १९४८ चा मुंबई कूळ कायदा, आणि मग १ एप्रिल १९५७, ज्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचा मालक समजलं गेलं. आमच्या घरात तो दिवस अजूनही कुरकुरतच आठवला जातो, कारण रत्नागिरीकडची आमची थोडी जमीन त्यात गेली. आजोबा मुंबईत कारकून, जमिनीवर पाय ठेवायचे गणपतीत. लहानपणी मला वाटायचं आमच्यावर अन्याय झाला. आता वाटत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्याचा आणि रोज चिखलात उभं राहणाऱ्याचा हक्क सारखा कसा असेल?

'आधी आलो म्हणून माझं' हा दावा यूट सोडून अ‍ॅस्पेनमध्ये कोणालाच करता येत नाही. 'विकत घेतलं म्हणून माझं' हा दावा कायद्याने पक्का आहे, पण त्यातून घरं उभी राहतात, गाव नाही. 'इथे राबतो म्हणून माझं' हा तिसरा दावा मला सगळ्यात भक्कम वाटतो. ज्या गावाला एखाद्या माणसाचा दिवस हवा असतो, त्याने त्याच्या रात्रीची सोय करायला हवी. दिवस ठेवून घ्यायचा आणि रात्री शंभर किलोमीटर लांब पाठवायचं, याला मर्यादित जागेचं कारण पुरत नाही. तापवलेल्या गाडीरस्त्यांना जागा पुरते तोवर तरी नाही.

पण याही दाव्याला भोक आहे आणि ते अ‍ॅस्पेननेच दाखवलंय. लॉटरीत तरुणपणी घर लागलेले लोक आता म्हातारे झालेत. निवृत्त होऊन तिथेच राहतात, नियम त्यांना तशी मुभा देतो. मुलं गेली, तीन खोल्यांच्या घरात एक-दोन माणसं. खाली दरीत नर्स बसची वाट बघते. त्यांना काढायचं का? किमतीवर मर्यादा असल्यामुळे घर विकून आलेल्या पैशात त्यांना जवळपास दुसरं घर मिळणार नाही. शिवाय तीस-चाळीस वर्षं त्या गावाची शाळा, आगीचे बंब, ग्रंथालय त्यांनीच चालवलं. राबेल त्याचं गाव, आणि हात थकले की गाव संपलं? मग आपण त्यांना गावकरी समजत होतो की पगारी पाहुणे? मला याचं उत्तर येत नाही. एवढं मात्र दिसतं, की निदान हा प्रश्न माणसांमधला आहे. एक म्हातारी आणि एक नर्स, दोघींनाही तिथे राहायचंच आहे. रिकाम्या बंगल्याशी असा वादही घालता येत नाही, कारण दार उघडायला कोणी नसतं.

आणि मी? माझा दावा या तिन्हींत बसत नाही. मी आधी आलो नाही, विकत घेतलं नाही, तिथे राबत नाही. सीझन पास काढतो, हिवाळ्यात चार-पाच शनिवार-रविवार वर जातो, महामार्गावरच्या गाड्यांच्या रांगेत उभा राहून 'किती गर्दी झालीय हल्ली' म्हणतो. माझ्यासारखा एक कमी झाला तर काही फरक पडणार नाही, हे खरं आहे. रांगेतल्या प्रत्येकाबाबत ते खरं आहे.

अ‍ॅस्पेनमध्ये शिरणारा रस्ता रुंद करायचा की नाही, नवा पूल बांधायचा की नाही, यावर गेल्या पन्नासेक वर्षांत कित्येकदा मतदान झालंय. रस्ता अजून तसाच आहे, दोन काटकोनी वळणं घेत गावात शिरणारा. रुंद केला तर आणखी गाड्या येतील, असं म्हणणारे दर वेळी पुरेसे निघतात. मी बसमधल्या गृहस्थांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, रुंद करावा? ते म्हणाले, 'मला विचारत नाहीत. मी रायफलला मतदान करतो.'

ग्लेनवूडला आम्ही दोघं उतरलो. साडेसात वाजले होते, बारीक बर्फ पडत होतं. त्यांची पुढची बस यायला वीस मिनिटं होती. मी म्हटलं, सोडू का? रायफल माझ्या उलट्या दिशेला. ते म्हणाले, नको, तुम्हाला डेन्व्हरला जायचंय, घाट बंद होईल. मग त्यांनी फोन काढून लॉटरीच्या अर्जाचं पान मला दाखवलं. जितकी वर्षं काम, तितक्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, असा हिशोब होता. 'या वेळी माझ्या बऱ्याच आहेत,' ते म्हणाले.